महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ऐतिहासिक दीपगृहे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ऐतिहासिक दीपगृहे म्हणजे उत्तरेस झाई-बोर्डीपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या सुमारे ७२० किमी लांबीच्या किनाऱ्यावर, लगतच्या बेटांवर आणि समुद्रातील खडकांवर जहाजांना दिशा दाखवण्यासाठी उभारलेले प्रकाशाचे मनोरे होत. खांदेरी (इ.स. १८६७), रत्नागिरी (इ.स. १८६७), प्राँग्ज (इ.स. १८७५) आणि सन्क रॉक (इ.स. १८८४) ही त्यांतील प्रमुख जुनी दीपगृहे आहेत. यांपैकी अनेक दीपगृहे मराठेशाहीतील सागरी किल्ल्यांत किंवा त्यांच्या लगतच्या भूशिरांवर उभी आहेत. त्यामुळे ती नौकानयनाची साधने असण्याबरोबरच कोकणच्या सागरी इतिहासाची साक्षही देतात.

उपग्रहांच्या साहाय्याने जहाजाचे स्थान ठरवता येऊ लागल्यापासून दीपगृहांची उपयुक्तता कितपत उरली आहे, असा प्रश्न विचारला जातो. या जुन्या वास्तूंचे जतन कसे व्हावे, हाही त्याच प्रश्नाचा एक भाग आहे.

नाव आणि अर्थ

मराठीत या वास्तूसाठी 'दीपगृह' आणि 'दीपस्तंभ' हे दोन्ही शब्द रूढ आहेत. बोलीभाषेत 'लाइट हाऊस' हा इंग्रजी शब्दही सर्रास वापरला जातो. देवळापुढील दीपमाळ ही याहून वेगळी वास्तू होय. दीपमाळेवरील दिवे उत्सवप्रसंगी लावले जातात आणि त्यांचा हेतू धार्मिक असतो. दीपगृहाचा दिवा मात्र वर्षातील प्रत्येक रात्री, ठरलेल्या पद्धतीनेच लागावा लागतो.

दीपगृहाच्या प्रकाशाने समुद्र उजळतो व त्यामुळे खलाशांना खडक दिसतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. समुद्र उजळणे हे दीपगृहाचे कामच नव्हे. आपण कोणत्या ठिकाणी उभे आहोत, एवढेच ते दूरच्या खलाशाला सांगते. त्यावरून आपले जहाज कोठे आहे आणि खडक किती अंतरावर आहे, हे खलाशी नकाशा पाहून ठरवतो. दीपगृह प्रकाशाहून अधिक ओळख पुरवते, असे म्हणणे त्यामुळे सयुक्तिक ठरते.

कार्यपद्धती

उंची आणि दृष्टिमर्यादा

पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी तो ठरावीक अंतरापलीकडे क्षितिजाखाली जातो. दिवा समुद्रसपाटीपासून जितका उंच, तितका तो दुरून दिसतो. उंचीच्या (मीटरमधील) वर्गमुळाला सुमारे २.०८ ने गुणले असता क्षितिजाचे अंतर सागरी मैलांत मिळते. उदाहरणार्थ, ४० मीटर उंचीवरील दिव्यासाठी हे अंतर सुमारे १३ सागरी मैल येते. पाहणाऱ्याचे डोळे समुद्रसपाटीपासून ४ मीटर उंचीवर असतील, तर त्याच्या बाजूने आणखी सुमारे ४ सागरी मैलांची भर पडते. म्हणजे तो दिवा सुमारे १७ सागरी मैलांवरून, अर्थात ३२ किमी अंतरावरून प्रथम दिसू लागतो. एक सागरी मैल १.८५२ किमी इतका असतो.

या साध्या गणितामुळे दीपगृहाच्या जागेची निवड महत्त्वाची ठरते. उंच भूशिर मिळाले तर बुटका मनोराही पुरतो. सपाट खडकावर मात्र उंच मनोरा बांधावा लागतो. कोकणात टेकडीवरील किल्ल्यांमध्ये तुलनेने लहान मनोरे आणि मुंबईजवळ पाण्यातील खडकावर उंच मनोरा असा जो फरक दिसतो, त्याचे कारण हेच आहे.

दिवा आणि भिंग

आरंभीच्या काळात दीपगृहांत खोबरेल तेलासारखी वनस्पतिजन्य तेले जाळली जात. पुढे रॉकेलचे वायुरूप ज्वलन करणारे दिवे, ॲसिटिलीन वायूचे दिवे, विजेचे दिवे आणि अलीकडे एलईडी दिवे असा बदल होत गेला. दुर्गम बेटांवर आता सौरऊर्जेचा वापर केला जातो.

दिव्यापेक्षाही क्रांतिकारक ठरले ते भिंग. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल याने तयार केलेले भिंग इ.स. १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात प्रथम वापरले गेले. एकच जाड भिंग न वापरता काचेच्या लोलकांची एककेंद्री वर्तुळे रचून त्याने चहूकडे विखुरणारा प्रकाश एका सपाट झोतात एकवटला. यामुळे तेलाच्या साध्या दिव्याचा प्रकाशही क्षितिजापर्यंत पोहोचू लागला. हे जड भिंग फिरवण्यासाठी घड्याळासारखी यंत्रणा असे. मनोऱ्याच्या पोकळीतून खाली उतरणाऱ्या वजनाच्या ओढीने भिंग फिरे आणि ते वजन वर चढवण्यासाठी दीपपालाला ठरावीक काळाने यंत्रणेला चावी द्यावी लागे. अनेक ठिकाणी घर्षण कमी करण्यासाठी संपूर्ण भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगते ठेवले जाई.

प्रकाशाची ओळख

किनाऱ्यावरील प्रत्येक दीपगृहाला स्वतःची ठरलेली लय असते. एखादा दिवा दर दहा सेकंदांनी दोनदा चमकतो, तर शेजारचा दर पंधरा सेकंदांनी एकदा. खलाशी घड्याळ लावून चमका मोजतो, ती लय दीपसूचीशी ताडून पाहतो आणि कोणते दीपगृह दिसत आहे हे ठरवतो. दोन वेगवेगळ्या दीपगृहांच्या दिशा होकायंत्राने घेऊन त्यांच्या रेषा नकाशावर काढल्या, की त्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे जहाज आहे, असे समजते.

दिवसा दिवा दिसत नाही. तेव्हा मनोऱ्याचा आकार आणि रंग हीच त्याची ओळख असते. दीपगृहांवर लाल, पांढरे किंवा काळे पट्टे रंगवलेले असतात ते शोभेसाठी नव्हे, तर या 'दिवसाच्या खुणे'साठी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्राचीन बंदरे आणि उल्हास नदीचे खोरे

जगातील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन दीपगृह इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळच्या फॅरोस बेटावर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात उभारले गेले. कोकण किनाऱ्याचा त्या बंदराशी व्यापार होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचे उल्लेख आढळतात.

यांपैकी कल्याण हे प्रत्यक्ष समुद्रकिनाऱ्यावर नसून उल्हास नदीच्या खाडीवर वसलेले आहे. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत आणि बदलापूरवरून वाहत येते. अंबरनाथ आणि उल्हासनगर या शहरांतून वाहणारी वालधुनी नदी कल्याणजवळ तिला मिळते. पुढे उल्हासचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळतो. आज समुद्रापासून दूर वाटणारी ही तिन्ही शहरे एका प्राचीन बंदराच्या पाठीशी असलेल्या खोऱ्यात वसलेली आहेत. शिलाहार राजांचा उत्तर कोकणातील बंदरांवर ताबा होता, त्यांच्याच काळात, शके ९८२ (इ.स. १०६०) मध्ये अंबरनाथचे शिवमंदिर बांधले गेले. बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली असून या किनाऱ्यावरील मध्ययुगीन नौकांची कल्पना त्यांवरून येते.

पेरिप्लसमध्ये जहाजे बंदरात आणण्याची तत्कालीन पद्धतही नोंदवलेली आहे. भडोचच्या आखातातील उथळ जागा आणि भरतीचे प्रवाह धोक्याचे असल्यामुळे राजसेवेतील स्थानिक मच्छीमार मोठ्या नावा घेऊन दूरवर सामोरे जात आणि परकीय जहाजे ओढून बंदरात आणत. दिवा नसलेल्या किनाऱ्यावर माहीतगार माणूस हेच दीपगृह होते. दिवसा खलाशी डोंगरांच्या आकारांवरून किनारा ओळखत. पनवेलजवळील कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका याचे ठळक उदाहरण असून इंग्रज त्याला 'फनेल हिल' म्हणत.

मराठ्यांचे आरमार आणि सागरी किल्ले

इ.स. १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी या भागात जहाजबांधणी सुरू केली. आरमाराच्या संरक्षणासाठी किनाऱ्यावर किल्ल्यांची साखळी उभी राहिली. या किल्ल्यांच्या जागा निवडताना जे निकष लावले गेले, तेच पुढे दोन शतकांनी दीपगृहांच्या बाबतीतही लागू पडले. खाडीचे मुख, समुद्रात घुसलेले भूशिर, दूरवर नजर पोहोचेल अशी उंची आणि जवळच धोक्याचे खडक या चार गोष्टी किल्लेदाराला जशा हव्या होत्या, तशाच दीपगृहाच्या अभियंत्यालाही हव्या होत्या. फरक एवढाच, की किल्ल्याचा हेतू परक्या जहाजाला दूर ठेवणे हा होता, तर दीपगृहाचा हेतू कोणत्याही जहाजाला सुखरूप नेणे हा आहे.

एकोणिसाव्या शतकातील उभारणी

मुंबई–ठाणे रेल्वे इ.स. १८५३ मध्ये आणि तिचा कल्याणपर्यंतचा विस्तार इ.स. १८५४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे घाटमाथ्यावरचा माल थेट मुंबईत येऊ लागला आणि मोठा सागरी व्यापार त्या एकाच बंदरात एकवटत गेला. इ.स. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोप व मुंबई यांमधील अंतर कमी झाले आणि आगबोटींची वर्दळ वाढली. आगबोटींना वेळापत्रक पाळावयाचे असल्याने रात्री बंदराबाहेर नांगर टाकून उजाडण्याची वाट पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. प्राँग्ज आणि सन्क रॉक ही दीपगृहे या वाढत्या वाहतुकीच्या काळातील आहेत.

प्रमुख दीपगृहे

कुलाबा आणि प्राँग्ज (मुंबई)

मुंबईच्या दक्षिण टोकाशी कुलाबा येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने दीपगृह बांधले होते. मात्र त्याच्याही दक्षिणेस समुद्रात प्राँग्ज नावाची खडकांची रांग पसरलेली असून भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते. धोक्याची जागा आणि दिवा यांत अंतर राहिल्याने जुने दीपगृह अपुरे ठरू लागले.

यावर उपाय म्हणून थेट खडकांवरच नवे दीपगृह उभारण्यात आले. अभियंता थॉमस ऑर्मिस्टन याच्या देखरेखीखाली बांधलेले प्राँग्ज दीपगृह इ.स. १८७५ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी सुमारे ६ लाख २० हजार रुपये खर्च आला. मनोरा वर्तुळाकार असून त्याची उंची ४१ मीटर आहे आणि त्याचा प्रकाश सुमारे ३० किमी अंतरावरून दिसतो. लाल, पांढरे व काळे पट्टे ही त्याची दिवसाची खूण आहे. संरक्षणासाठी येथे तीन तोफाही ठेवण्यात आल्या होत्या. मोठ्या ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या टोकापासून दीपगृहापर्यंत खडकांवरून चालत जाता येते. भरती सुरू होताच ही वाट नाहीशी होते. प्राँग्जचा दिवा लागल्यानंतर कुलाब्याचे जुने दीपगृह बंद करण्यात आले. मुंबईच्या प्रिन्सेस डॉक या गोदीच्या उभारणीशीही ऑर्मिस्टनचे नाव निगडित आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या अनेक निर्वासितांचा प्रवास कराचीहून मुंबईपर्यंत समुद्रमार्गे झाला. कराची बंदराच्या तोंडाशी मनोरा येथे दीपगृह आहे. ते मागे टाकून निघालेली जहाजे मुंबई बंदरात शिरताना प्राँग्ज आणि खांदेरीच्या दिव्यांवरून आपला मार्ग ठरवत. या निर्वासितांपैकी हजारोंची व्यवस्था कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत करण्यात आली आणि इ.स. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

सन्क रॉक आणि डॉल्फिन रॉक (मुंबई)

मुंबई बंदराच्या आत, जहाजांच्या मार्गालगत पाण्याखाली असलेल्या खडकावर इ.स. १८८४ मध्ये सन्क रॉक दीपगृह बांधण्यात आले. प्राँग्ज, सन्क रॉक आणि डॉल्फिन रॉक हे तीन दिवे मिळून बंदरात शिरणाऱ्या जहाजांना मार्ग दाखवतात.

खांदेरी (रायगड जिल्हा)

खांदेरी हे बेट मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किमी आणि अलिबागजवळील थळच्या किनाऱ्यापासून सुमारे ५ किमी अंतरावर आहे. मुंबई बंदराच्या वाटेवर नजर ठेवता येईल अशी ही जागा असल्यामुळे शिवाजी महाराजांनी इ.स. १६७९ मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू केले. मायनाक भंडारी याच्याकडे या कामाची जबाबदारी होती. मुंबईतील इंग्रजांनी काम थांबवण्यासाठी युद्धनौका पाठवल्या. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे जागीच अडकत आणि मराठ्यांच्या हलक्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या नावा त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत. अखेर किल्ला मराठ्यांकडेच राहिला. पुढे सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट ताब्यात घेऊन तेथे तटबंदी केली.

ज्या बेटावर मराठ्यांचा किल्ला होऊ नये म्हणून इंग्रज लढले, त्याच बेटावर त्यांनी इ.स. १८६७ मध्ये आपल्या जहाजांसाठी दीपगृह उभारले. हा अष्टकोनी मनोरा दीपपालांच्या निवासी इमारतीवर उभा आहे. बेटावर वेताळाचे देवस्थान असून कोळी समाजाची त्यावर श्रद्धा आहे. आघात केल्यावर धातूसारखा नाद देणारी शिळा हेही बेटाचे एक आकर्षण आहे. इ.स. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. युनेस्कोने इ.स. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या 'भारतातील मराठा लष्करी स्थापत्य' या समूहातील बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे.

कोर्लई (रायगड जिल्हा)

कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरच्या भूशिरावर पोर्तुगीजांचा कोर्लई किल्ला आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राकडील बाजूस दीपगृह असून तेथूनच किल्ल्यावर जाण्याची वाट आहे. एका बाजूस दीपगृह, माथ्यावर पोर्तुगीज तटबंदी आणि जवळच पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलणारे गाव असा त्रिवेणी योग येथे पाहावयास मिळतो. स्थानिक लोक या बोलीला 'नौ लिंग' म्हणतात.

हर्णे, अंजनवेल आणि जयगड (रत्नागिरी जिल्हा)

हर्णे बंदरात सुवर्णदुर्ग या जलदुर्गासमोर किनाऱ्यावर जे छोटे किल्ले आहेत, त्यांतील कनकदुर्गावर दीपगृह आहे. वाशिष्ठी नदीच्या मुखाजवळ अंजनवेल येथे गोपाळगडापासून जवळच टाळकेश्वराचे दीपगृह आहे. शास्त्री नदीच्या मुखाशी असलेले जयगडचे दीपगृह ओतीव लोखंडाचे आहे. लोखंडी मनोऱ्याचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर जोडता येत असल्यामुळे, जेथे दगडी बांधकाम अवघड तेथे ही पद्धत सोयीची ठरे.

रत्नागिरी

रत्नदुर्ग किल्ला समुद्रात शिरलेल्या टेकड्यांवर पसरलेला आहे. एका टेकडीवर भगवती देवीचे मंदिर असलेला बालेकिल्ला आहे, तर सिद्धबुरुजाच्या टोकावर दीपगृह आहे. येथे इ.स. १८६७ मध्ये पहिला दिवा लागला. सध्याचा मनोरा नंतरच्या काळातील आहे. किल्ल्याच्या टेकडीमुळे दिव्याला नैसर्गिक उंची मिळाली आहे.

देवगड आणि वेंगुर्ला (सिंधुदुर्ग जिल्हा)

कान्होजी आंग्रे यांच्या काळातील देवगड किल्ल्यात इ.स. १९१५ मध्ये दीपगृह उभारण्यात आले. तेथून देवगडचे बंदर आणि खाडी स्पष्ट दिसतात. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' अथवा 'बर्न्ट आयलंड्स' नावाचा खडकाळ बेटांचा समूह असून तेथील दीपगृह निवतीचे दीपगृह म्हणूनही ओळखले जाते. या बेटांतील गुहा पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

गोव्यातील अग्वाद

महाराष्ट्राबाहेरचे असले तरी गोव्यातील अग्वाद किल्ल्यावरील दीपगृह याच परंपरेत मोडते. पोर्तुगीजांनी मांडवी नदीच्या मुखाशी इ.स. १६१२ मध्ये हा किल्ला पूर्ण केला. किल्ल्यातील चार मजली दीपगृह इ.स. १८६४ चे असून ते इ.स. १९७६ पर्यंत वापरात होते. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा काही काळ अग्वादच्या दीपगृहात होती, इ.स. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये बसवण्यात आली.

दीपपालांचे काम

स्वयंचलित यंत्रणा येण्यापूर्वी दीपगृह चालवणे हे अखंड जागरणाचे काम होते. सूर्यास्ताला दिवा लावणे, वात कातरणे, तेल पुरवणे, यंत्रणेला चावी देणे, भिंगावरील काजळी व समुद्री खार पुसणे, चमकांचा वेळ तपासणे आणि हवामानाची नोंद ठेवणे ही दीपपालाची कर्तव्ये असत. दिवा बंद पडण्याइतकीच त्याची लय चुकणेही गंभीर बाब होती. कारण बंद दिवा खलाशाला सावध करतो, चुकीचा दिवा मात्र त्याची दिशाभूल करतो. खांदेरी किंवा वेंगुर्ला रॉक्ससारख्या बेटांवर पावसाळ्यात नावांची ये-जा थांबत असल्याने शिधा, पाणी व इंधन यांचा साठा आधीच करून ठेवावा लागे.

दुर्घटना आणि दीपगृहांची मर्यादा

दीपगृहे असूनही कोकणच्या किनाऱ्यावर मोठ्या दुर्घटना घडल्या आहेत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांनी उलटली. तीत सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ही घटना सकाळच्या वेळी, मुंबई बंदरापासून फारशा दूर नसलेल्या ठिकाणी घडली.

दीपगृह खडकाची जागा सांगू शकते. वादळ, बोटीतील गर्दी किंवा जीवरक्षक साधनांची उणीव यांवर त्याचा इलाज चालत नाही. हवामानाचा इशारा, बिनतारी संदेशयंत्रणा आणि प्रवासीसंख्येवरील निर्बंध यांच्या जोडीनेच दीपगृह सागरी सुरक्षिततेचा भाग बनते.

प्रशासन आणि कायदे

इ.स. १९२७ पूर्वी दीपगृहांचा कारभार प्रांतिक सरकारे आणि बंदरांची मंडळे यांच्यात विभागलेला होता. भारतीय दीपगृह अधिनियम, १९२७ या कायद्याने सर्वसाधारण नौकानयनासाठीची दीपगृहे केंद्र सरकारच्या अखत्यारीत आली, तर विशिष्ट बंदरापुरते उपयुक्त असलेले दिवे स्थानिक यंत्रणांकडे राहिले. दीपगृहांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून भागवला जातो. सध्या दीपगृह व दीपनौका महासंचालनालय देशातील सुमारे दोनशे दीपगृहांची देखभाल करते.

जुन्या कायद्याच्या जागी इ.स. २०२१ मध्ये सागरी नौकानयन साहाय्य अधिनियम आला. दीपगृहांबरोबरच तरंगते बोये, रडार-संकेतक व जहाजांची स्वयंचलित ओळखप्रणाली यांचाही त्यात विचार केलेला आहे. ऐतिहासिक मूल्य असलेल्या दीपगृहांना 'वारसा दीपगृह' म्हणून घोषित करण्याची तरतूद हे या कायद्याचे लक्षणीय वैशिष्ट्य होय.

आजची उपयुक्तता

मोठ्या मालवाहू जहाजांवर आज उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, रडार आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे असतात. तरीही दीपगृहे बंद झालेली नाहीत. उपग्रहाचा संदेश खंडित होऊ शकतो किंवा त्यात अडथळा आणला जाऊ शकतो. डोळ्यांना दिसणारा दिवा हा त्या यंत्रणेपासून स्वतंत्र असा पडताळा असतो. दुसरे म्हणजे, रात्री मासेमारीहून परतणाऱ्या लहान नौकांना बंदराचे तोंड ओळखण्यासाठी दिव्याचा थेट उपयोग होतो. तिसरे म्हणजे, दीपगृहांच्या मनोऱ्यांवर आता रडार-संकेतक व ओळखप्रणालीची उपकरणेही बसवली जातात. त्यामुळे जुन्या वास्तूला नवे काम मिळाले आहे.

जतनाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. खारे वारे, पावसाळी लाटा आणि लोखंडाला चढणारा गंज यांमुळे मनोऱ्यांची सतत निगा राखावी लागते. दिवे स्वयंचलित झाल्यावर दीपपालांचा मुक्काम संपतो आणि मानवी वावर नसलेली वास्तू लवकर मोडकळीस येते. जुनी तेलाची यंत्रे, भिंगे आणि नोंदवह्या बदलाच्या वेळी नष्ट होण्याचा धोका असतो. मनोरा उभा राहिला तरी तो कसा चालवला जाई याची माहिती त्यांच्याबरोबर लोप पावते. पर्यटनाकडे जतनाचा एक मार्ग म्हणून पाहिले जाते ते याच कारणाने. सप्टेंबर २०२३ मध्ये अग्वाद किल्ल्यावर पहिला भारतीय दीपगृह महोत्सव भरवण्यात आला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील ७५ दीपगृहांवरील पर्यटनसुविधांचे लोकार्पण झाले.

भेट देताना

सर्वच दीपगृहे पाहण्यासाठी खुली नसतात. प्राँग्जकडे जाणारा भाग लष्करी हद्दीत येत असल्याने तेथे परवानगीशिवाय प्रवेश नाही. खुल्या असलेल्या दीपगृहांत ठरावीक वेळेत, अल्प शुल्क घेऊन प्रवेश दिला जातो. वेळा बदलत असल्यामुळे जाण्यापूर्वी चौकशी करणे योग्य ठरते.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या मध्य रेल्वेवरील शहरांतून एका दिवसात पाहता येण्याजोगे ठिकाण म्हणजे कोर्लई. उपनगरी गाडीने मुंबईस येऊन गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने मांडवा आणि तेथून रस्त्याने अलिबाग–रेवदंडामार्गे कोर्लईस जाता येते. हा बोटीचा प्रवास मुंबई बंदराच्या तोंडातूनच होत असल्यामुळे हवा स्वच्छ असल्यास बंदराच्या परिसरातील दीपगृहे दुरून पाहता येतात. खांदेरीसाठी थळहून मच्छीमारांच्या नावा मिळतात. त्या हवामान व भरती-ओहोटीवर अवलंबून असतात. रत्नागिरी, जयगड व देवगड ही ठिकाणे कोकण रेल्वे आणि रस्ता यांनी जोडलेली असून त्यांसाठी मुक्कामाची तयारी ठेवावी लागते.

ऑक्टोबर ते मे हा काळ भेटीस सोयीचा मानला जातो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि लहान नौकांची वाहतूक बंद ठेवली जाते. मनोऱ्याच्या आत चढताना अरुंद गोल जिना आणि शेवटची उभी शिडी लक्षात घेऊन वयस्कर व्यक्ती व लहान मुलांची विशेष काळजी घेणे आवश्यक आहे. भिंगाला हात लावू नये. बोटांचा तेलकट ठसाही प्रकाश विखुरण्यास कारणीभूत होतो. शक्य असल्यास सूर्यास्तानंतर किनाऱ्यावर थोडा वेळ थांबून दिव्याच्या चमका घड्याळ लावून मोजाव्यात. त्या दीपगृहाची लय ओळखता येणे हाच ते पाहण्याचा खरा भाग आहे.

हेसुद्धा पाहा

मराठा आरमार
खांदेरी-उंदेरी
कोर्लई किल्ला
रत्नदुर्ग
अग्वाद किल्ला
उल्हास नदी
रामदास बोट दुर्घटना